कुलूप मॅडम

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मॅडमनी मला भर उन्हात कचऱ्याचा डबा उपसायला लावला.

आमची बियाण्यांची कंपनी नवीन जालन्यात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर. मी भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा. बी.कॉम. करून हिशेब विभागात कारकून म्हणून लागलो होतो आणि रुजू होताना आधार कार्डाची झेरॉक्स मागितली होती. ती स्टेशनसमोरच्या दुकानातून काढून मी मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडम हिशेब विभागाच्या प्रमुख. चाळिशी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि समोरचा माणूस आत्ताच काहीतरी खोटं बोललाय असा चेहऱ्यावर कायमचा भाव. त्यांनी कागदाकडं पाहिलंच नाही.

"एकच काढली?"

"हो मॅडम. म्हंजे पहिली काळी आल्ती, ती टाकून दिली."

"कुठं टाकली?"

"तिथंच, दुकानात."

"जा, घेऊन या."

मला वाटलं, थट्टा चालली आहे. पण त्यांनी मान खाली घालून काम सुरू केलं होतं. मी गेलो. दुकानदार हसत राहिला आणि मी डब्यात हात घालून कागद उलटेपालटे करत राहिलो. माझा सापडला. त्याच्यासोबत आणखी कितीतरी जणांचे निघाले. कुणाचं आधार, कुणाचं पॅन, एका बाईच्या बँक पासबुकाचं पहिलं पान. मी माझा तेवढा कागद घेऊन घामाघूम होऊन परतलो आणि मोठ्या हौसेनं मॅडमना हे सगळं सांगितलं.

"मंग त्या बाईचं पासबुक तिथंच ठेवून आलात?"

मी परत गेलो. तोवर कचऱ्याची गाडी येऊन गेली होती.

मॅडमनी माझ्या चांगल्या झेरॉक्सवर दोन तिरप्या रेघा ओढल्या, मधे 'फक्त नोकरीच्या कामासाठी' असं लिहिलं, कंपनीचं नाव आणि तारीख टाकली, वर माझी सही घेतली. "आता हा कागद चोरीला गेला तरी दुसऱ्या कुणाच्या कामाचा न्हाई," म्हणाल्या. मला बसा म्हणायचं मात्र राहूनच गेलं.

ऑफिसात मागं त्यांना सगळे 'कुलूप मॅडम' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं. त्यांच्या कंप्युटरचं तोंड भिंतीकडं असायचं. पासवर्ड टाकताना डाव्या हाताचा पंजा कीबोर्डवर आडवा धरायच्या, शेजारी कुणी नसलं तरी. नको असलेले कागद फाडून पाण्याच्या बादलीत टाकायच्या आणि त्यांचा लगदा झाल्याशिवाय झाडणाऱ्या मावशींना हात लावू द्यायच्या नाहीत. मावशी म्हणायच्या, "माझ्या घरी पोरायला आंघोळीला बादली न्हाई, अन् इथं रद्दी अंघोळ करून राह्यली." बँकेतून फोन आला तर मॅडम दोन शब्द ऐकायच्या आणि म्हणायच्या, "ठेवा. मी करते." मग स्वतःकडच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायच्या, आत्ता तुम्हीच बोलत होता का? बँकेतली पोरं वैतागायची. त्यांच्या वैतागण्याचं मॅडमना काहीच वाटत नसे.

बियाण्यांच्या धंद्यात खरी किंमत माहितीला. कोणत्या गावात कुणाच्या शेडनेटमध्ये कोणत्या वाणाचं बी तयार होतंय, त्याचा नर कोणता, मादी कोणती, हे दुसऱ्या कंपनीला कळलं की कैक वर्षांची मेहनत गेली. शेतकऱ्यांचे पैसे मॅडमच्या हातून जायचे, त्यामुळं ही सगळी गावं, सगळे प्लॉट त्यांना तोंडपाठ होते. टपरीवर चहा पिताना आमच्यातल्या कुणी चुकून एखाद्या गावाचं नाव घेतलं तर त्या अर्धा कप तसाच ठेवून उठायच्या. दिवसभर मग त्या माणसाशी बोलणं बंद.

स्वतःची जन्मतारीख त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. पोरांनी एकदा अंदाजानं एक दिवस ठरवला आणि केक आणला. मॅडमनी केक खाल्ला, रुमालाला हात पुसले. "छान होता. पण आज न्हाई."

"मंग कधी असतो मॅडम?"

"ते तुम्हाला कशाला पाह्यजे?"

केक आणणाऱ्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. मॅडम आवडाव्यात अशा नव्हत्याच. आमचा म्हातारा शिपाई नोकरी सोडून चालला, तेव्हा तो दारात उभा राहून सगळ्यांचा निरोप घेत होता आणि मॅडम कपाटाचं कुलूप बदलून घेत होत्या. म्हाताऱ्यानं ते पाहिलं. त्याच्या डोळ्यात पाणी आलं. मी नंतर म्हणालो, "मॅडम, ते जाईपर्यंत तरी थांबायचं."

"ते चोर न्हाईत, मला चांगलं माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "पण माणसाचा चेहरा पाहून मी कुलूप लावत न्हाई."

शिपायालासुद्धा त्या 'अहो' म्हणायच्या. त्यांच्या तोंडून कुणाला 'अरे' ऐकलेलं मला आठवत नाही. पण गोड बोलणं हा प्रकार त्यांच्याजवळ नव्हता. आपण लोकांना आवडलो पाहिजे, ही गरजच त्यांना नव्हती. ती गरज नसलेल्या बाईला लोक किती दिवस लक्षात ठेवतात आणि संधी मिळाली की कसे वागतात, ते मी पुढं पाहिलं.

माझ्या गावात, धावड्याला, एकदा कंपनीनं बियाणं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा मेळावा घेतला. पैसे खात्यात कसे जमा होतात हे सांगायला मॅडमना उभं केलं. त्यांनी माईक हातात घेतला आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "एटीएम कार्डाच्या पाकिटावर पिन कुणी कुणी लिहून ठेवलाय? हात वर करू नका. ज्यांनी लिहिलाय ते आता खाली बघून राह्यले, मला इथून दिसतंय."

मांडवभर हशा झाला. खाली बघणाऱ्यांत माझी चुलतीही होती.

"तुमच्या खात्यात पैसे आले की तुम्हाला फोन येईल," मॅडम म्हणाल्या. "बोलणारा गोड बोलंल, साहेब म्हणंल, काका म्हणंल. मंग घाई करंल. आत्ताच्या आत्ता नंबर सांगा न्हाईतर खातं बंद. तेव्हा एवढंच विचारायचं स्वतःला, घाई कुणाला आहे? मला का त्याला?"

मेळावा संपल्यावर चुलती मला बाजूला घेऊन म्हणाली, "लई तोंडाळ बाई हाय रं तुझी. चारचौघांत इज्जत काढती." मग जरा थांबून, "घरी गेल्याबरोबर खोडते."

परतताना जीपमध्ये मॅडम पुढं बसल्या होत्या, मी मागं. भोकरदन मागं पडलं तेव्हा मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्हाला एवढी भीती कशाची वाटती?"

समोर रस्त्याकडं बघतच त्या सांगायला लागल्या.

त्यांचे वडील जालन्यात एका गोदामावर राखणदार होते. मस्तगडच्या मागच्या अंगाला पत्र्याची खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि एकुलत्या पोरीला शिकवायचंच एवढा एक हट्ट. कुणीतरी ओळखीचा माणूस घरकुलाची योजना आहे म्हणून वडिलांचे सगळे कागद आणि सह्या घेऊन गेला. घरकुल आलं नाही. काही वर्षांनी कर भरायची नोटीस आली. वडिलांच्या नावानं भंगार लोखंडाचा व्यापार करणारी एक पेढी निघाली होती, तिनं मोठमोठी बिलं फाडली होती आणि कर बुडवला होता.

"माझ्या बापाच्या नावावर लाखोंचं लोखंड विकलं गेलं," मॅडम म्हणाल्या. "आमच्या घरात लोखंडाचं कपाट नव्हतं. बाबा या हाफिसातून त्या हाफिसात जायचे. प्रत्येक ठिकाणी एकच सांगायचे, साहेब, हा मी न्हाई. साहेब म्हणायचे, फोटो तुमचा आहे, सही तुमची आहे, मंग कोण आहे? बाबांना ह्याचं उत्तर देता यायचं न्हाई. शेवटी शेवटी त्यांनाच शंका यायला लागली. मला विचारायचे, पोरी, मी खरंच काही केलं असंल का गं?"

"मंग काय झालं?"

"मंग ते गेले. गेल्यावरबी एक नोटीस आली त्यांच्या नावानं."

मी त्यानंतर कधी भिंतीकडं तोंड केलेल्या कंप्युटरवरून हसलो नाही. बाकीचे हसत राहिले. त्यांना मी हे सांगितलं नाही, कारण ते मॅडमनी मला सांगितलं होतं.

आमचे शेठ, म्हणजे कंपनीचे मालक, जुन्या वळणाचे. एका लहान दुकानातून त्यांनी कंपनी उभी केली होती आणि मॅडमना त्यांनीच हिशेबाला घेतलं होतं. त्यांचा मुलगा, छोटे शेठ, पुण्यात व्यवस्थापन शिकून आला. हुशार होता, बोलायला गोड होता. प्रत्येक गोष्ट त्याला कालच व्हायला हवी असायची. मॅडमची पद्धत त्याच्या डोळ्यांत खुपायची.

एका उन्हाळ्यात, खरिपाच्या तयारीची धांदल चालू असताना, बियाण्याची पाकिटं पुरवणाऱ्या गुजरातेतल्या कारखान्याकडून मेल आला. आमचं बँक खातं बदललंय, या वेळचे पैसे नव्या खात्यात टाका, नाहीतर माल निघणार नाही. छोटे शेठ धावतच आले.

"मॅडम, आजच टाका. गाडी अडकली तर सीझन जाईल."

"फोन करून विचारते."

"मी बोललोय ना त्यांच्याशी, मेलवर."

"मेलवर बोलणं म्हंजे बोलणं न्हाई."

सगळ्या ऑफिससमोर हे झालं. मॅडमनी जुन्या नंबरवर फोन लावला. कारखान्याच्या म्हाताऱ्या मालकाला काहीच माहीत नव्हतं. कुणीतरी त्यांचा मेल चोरून हा उद्योग केला होता. पैसे वाचले. छोटे शेठ लाल झाले, केबिनमध्ये निघून गेले. दिवाळीच्या स्नेहमेळाव्यात शेठनी भाषण केलं, "आमच्या चिरंजीवांच्या सावधगिरीनं कंपनीवरचं मोठं संकट टळलं." टाळ्या झाल्या. मॅडमही वाजवत होत्या. मी पाहिलं, त्यांच्या तोंडावर राग नव्हता. पैसे वाचले होते, त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

छोट्या शेठच्या दृष्टीनं तो तिथून सुरू झाला.

कंपनीच्या बँक खात्याला दोन माणसं लागायची. पाठवायची रक्कम मॅडम आपल्या नावानं भरायच्या आणि शेठ आपल्या नावानं मंजूर करायचे. एकट्याच्या हातून पैसे बाहेर जाऊ नयेत म्हणून ही व्यवस्था. शेठचा मंजुरीचा पासवर्ड छोट्या शेठकडं केव्हाच आला होता. बापानंच दिला होता, कटकट नको म्हणून. राहिल्या होत्या मॅडम.

मॅडमच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, संभाजीनगरच्या दवाखान्यात. रजेवर जायच्या आधी शेठनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. काही कागदांवर सह्या घ्यायला मी तिथंच उभा होतो.

"पासवर्ड एका पाकिटात घालून देऊन जा," शेठ म्हणाले. "काम अडायला नको."

"शेठ, छोट्या शेठच्या नावानं बँकेतून वेगळा पासवर्ड घ्या. मी अर्ज तयार केलाय, फक्त सही करा."

"अरे, घर की बात है. तुमचा काय, माझा काय. इतकी वर्षं झाली, भरोसा न्हाई का?"

"भरोसा आहे. पासवर्ड देत न्हाई."

शेठनी तो अर्ज बाजूला सारला. "बिलकुल ऐकायचं न्हाई ना तुम्हाला? ठीक है. जा."

मॅडम रजेवर गेल्या. दुसऱ्या दिवशी छोटे शेठ कंपनीचं पत्र घेऊन स्वतः बँकेत गेले आणि मॅडमच्या नावाचा पासवर्ड नवा करून घेतला, सोबत जोडलेला मोबाईल नंबरही बदलून स्वतःचा टाकला. मालकच पत्र घेऊन आल्यावर बँक कशाला अडवते? येऊन ते मॅडमच्या खुर्चीत बसले. मी शेजारच्या टेबलावर होतो. ओटीपी त्यांच्या फोनवर वाजला तेव्हा माझ्याकडं बघून हसले. "बघितलं? दहा मिनिटांचं काम होतं."

त्याच आठवड्यात शेठ विमानानं हैदराबादला निघाले. ते विमानात असतानाच छोट्या शेठना व्हॉट्सॲपवर निरोप आला. नंबर नवा, फोटो शेठचा. जमिनीचा एक मोठा सौदा जमलाय, या खात्यात ताबडतोब रक्कम टाक, ऑफिसात कुणाला बोलू नको, मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नको. छोट्या शेठनी मॅडमच्या नावानं रक्कम भरली, वडिलांच्या नावानं मंजूर केली. दोन माणसांचं काम एकट्यानं, एकाच खुर्चीत बसून. पुन्हा निरोप आला, आणखी टाक. त्यांनी आणखी टाकली. संध्याकाळी हैदराबादेतून शेठचा फोन आला, पोचलो म्हणून. तेव्हा छोट्या शेठनी विचारलं, "सौदा झाला का?"

त्या वेळी मॅडम दवाखान्यात शुद्धीवर यायच्या होत्या.

पोलिसात तक्रार गेली. पैसे कुठल्या कुठल्या राज्यांतल्या खात्यांतून पुढं पसार झाले होते. थोडे गोठवले, बाकीचे गेले. बँकेच्या नोंदीत रक्कम भरणाऱ्याचं नाव होतं मॅडमचं. छोट्या शेठनी बापाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण आठवड्याभरात ऑफिसात आणि ऑफिसातून सगळ्या मोंढ्याच्या बाजारात एकच वाक्य फिरायला लागलं. कुलूप मॅडमनी पासवर्ड कुणाला तरी दिला. केकची मंडळी सगळ्यात पुढं होती. आणखीही बोललं जायचं, हळू आवाजात, त्यांच्या घराण्यावर, जातीवर. इतकी वर्षं ज्यांना ते बोलायला निमित्त मिळालं नव्हतं, त्यांना आता मिळालं होतं.

मी शेठच्या केबिनमध्ये गेलो आणि जे पाहिलं ते सांगितलं. पासवर्ड कुणी बदलला, ओटीपी कुणाच्या फोनवर आला, सगळं. शेठनी डोळे मिटून ऐकलं.

"मला माहीत हाय," ते म्हणाले. "पण बघ, त्या बाईची सवयच ती. सगळं स्वतःकडं ठेवायचं. सरळ पाकीट दिलं असतं तर पोराला बँकेत जावं लागलं असतं का? मंग जबाबदारी कोणाची झाली?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ते खरंच पटलेलं होतं. त्या महिन्याच्या शेवटी माझी बदली गोदामात झाली आणि पुढं मी ती नोकरी सोडली.

मॅडम पोटाला पट्टा बांधून ऑफिसात आल्या तेव्हा राजीनामा छापून तयार होता. त्यांनी तो वाचला, कारणाच्या जागी 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहिलेलं पाहिलं आणि सही न करता उठल्या. मग काढून टाकल्याचं पत्र घरी गेलं. पोलिसांनी त्यांचा जबाब घेतला, पण साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "बाई, आम्ही पैसे कुठं गेले ते शोधतोय. तुमच्या हाफिसातलं भांडण तुम्ही बघा." आरोप कागदावर नव्हताच. कागदावर असता तर खोडता आला असता.

एक वाट होती. पासवर्ड कुणाच्या सहीनं बदलला ते बँकेनं लिहून दिलं तरी पुरलं असतं. मी मॅडमसोबत बँकेत गेलो. व्यवस्थापक नवीन होते, सभ्य होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं.

"मॅडम, तुमचं म्हणणं खरं असेल. पण खातं कंपनीचं आहे. कंपनीची माहिती मी बाहेरच्या व्यक्तीला कशी देऊ? तुम्ही आता तिथं नाही आहात."

मी भांडायच्या तयारीनं पुढं सरकलो. मॅडमनी हातानं मला थांबवलं.

"बराबर आहे," त्या म्हणाल्या. "द्यायला नकोच."

आणि उठल्या. बाहेर पायऱ्यांवर मी चिडून म्हणालो, "मॅडम, तुम्हीच त्यांची बाजू घेऊन राह्यल्या?"

"त्यांनी मला दिली असती, तर उद्या कुणालाबी दिली असती." पट्ट्यावर हात दाबून त्या एकेक पायरी उतरत होत्या. शेवटच्या पायरीवर त्यांनी मला विचारलं, "लोक म्हणतात ते तुमच्या कानावर आलंच असंल. तुम्हाला काय वाटतं?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काय वाटतं, ते विचारलं होतं. मी म्हणालो, मी तिथं होतो मॅडम, मी पाहिलंय. त्यांनी मान हलवली आणि ऑटोला हात केला.

दुसऱ्या एका बियाणे कंपनीचा माणूस मस्तगडला त्यांच्या घरी गेला. चांगली नोकरी, मोठा पगार. अट काही नाही, फक्त कोणत्या गावात काय पिकतंय तेवढं सांगायचं. मी नेमका तेव्हा त्यांच्याकडं बसलेलो होतो. माणूस म्हणाला, "त्यांनी तुमच्याशी काय केलं ते सगळ्या जालन्याला माहीत हाय. तुमचं त्यांचं आता काय लागतं?"

"काही न्हाई," मॅडम म्हणाल्या. "शेतकऱ्यांचं लागतं. चहा पिऊन जा."

तो माणूस गेल्यावर मला राग आवरेना. मी म्हणालो, सांगून टाकायचं होतं, बुडाली असती तर बुडू द्यायची होती कंपनी. मॅडम कप विसळत राहिल्या. पुढच्या काही दिवसांतच वकिलाची नोटीस आली, आमच्या जुन्या कंपनीकडून. नोकरीत असताना मिळालेली गोपनीय माहिती उघड केल्यास कडक कारवाई करू. पोस्टमननं सही मागितली. मॅडमनी चष्मा लावून पाकिटावरचं नाव नीट वाचून घेतलं आणि सही केली.

जालन्यात त्यांना हिशेबाचं काम परत कुणी दिलं नाही. गल्लीतल्या बायांच्या बचत गटाचं काम त्या बघायला लागल्या. बायांना त्या आवडायच्या की नाही कोण जाणे, पण बाया त्यांना सोडायच्या नाहीत. मी भोकरदनला एका पतसंस्थेत लागलो. शेठ वारले, छोटे शेठ मालक झाले, मोठे झाले. अंगानंही आणि नावानंही.

अलीकडची गोष्ट. नवीन जालन्यात व्यापाऱ्यांच्या एका मंडळानं ऑनलाइन फसवणुकीपासून सावध राहण्यावर कार्यक्रम ठेवला होता. आमच्या पतसंस्थेनं मला पाठवलं. सभागृह भरलेलं. मागच्या रांगेत बचत गटाच्या बाया आणि त्यांच्या कडेला मॅडम. केस पांढरे झालेले. मी जाऊन शेजारी बसलो. प्रमुख पाहुणे म्हणून व्यासपीठावर आले छोटे शेठ.

ते फार चांगलं बोलले. आलेल्या नंबरवर विश्वास ठेवू नका, जुन्या नंबरवर उलट फोन करा. एकाच्या हातात सगळ्या चाव्या देऊ नका. मग आवाज उतरवून म्हणाले, "हे मी ठेच लागून शिकलोय. आमच्याकडच्या एका जुन्या कर्मचाऱ्यानं पासवर्ड बाहेर जाऊ दिला. कंपनीचं मोठं नुकसान झालं. पण आम्ही माणुसकी सोडली नाही. त्यांच्यावर केस केली नाही."

टाळ्या पडल्या. मॅडमच्या शेजारची बाई मला म्हणाली, "कोण व्हता वो तो माणूस? लई नशीबवान म्हणायचा."

निवेदकानं विचारलं, कुणाला काही प्रश्न? मॅडम उभ्या राहिल्या. माईक त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता, पण आवाज स्वच्छ होता.

"तो पासवर्ड बँकेत जाऊन कुणी बदलून घेतला होता?"

छोट्या शेठनी डोळ्यांवर हाताची सावली धरून मागं पाहिलं. ओळख पटली. मला वाटलं, आता सापडले. पण त्यांना फक्त एक श्वास पुरला.

"अरे, मॅडम!" ते मोठ्यानं म्हणाले. "मित्रांनो, या आमच्या जुन्या मॅडम. हिशेब काय असतो ते मी यांच्याकडून शिकलो. मॅडम, वर या. जोरदार टाळ्या झाल्या पाह्यजेत!"

सगळे वळून टाळ्या वाजवायला लागले. बचत गटाच्या बायांना आनंदानं काही सुचेना. "जा ना म्याडम, बोलावून राह्यले!" त्यांनी मॅडमना ढकलतच पुढं काढलं. मॅडम गेल्या. मी त्यांची चाल ओळखत होतो. त्या सत्काराला चालल्या नव्हत्या, माईककडं चालल्या होत्या. पायऱ्या चढून त्या वर पोचल्या, तेवढ्यात छोट्या शेठनी स्वतःला मिळालेला पुष्पगुच्छ उचलून त्यांच्या दोन्ही हातांत दिला आणि निवेदकानं माईक आपल्याकडं ओढून चहापानाची घोषणा केली. लोक उठले. टाळ्या, खुर्च्यांचा आवाज, फोटोवाल्याचा प्रकाश.

परतताना ऑटोत बायांनी गुच्छ मांडीवर घेतला होता. म्याडमचा सत्कार झाला म्हणून त्या हरखल्या होत्या. मॅडम बाहेर बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पेपरात फोटो आला. छोटे शेठ गुच्छ देताना हसताहेत आणि समोर मॅडमचं तोंड उघडं आहे. खाली छापलंय, सत्काराबद्दल आभार मानताना. मी खालून पाहत होतो. त्या तोच प्रश्न पुन्हा विचारत होत्या.